तोकचं शेवटचं वाक्य

‘लायांग’ या कार्टून मालिकेच्या रायाच्या, म्हणजे ईदच्या, विशेष भागाचं सगळं काम उरकलं होतं, अडलं होतं ते म्हाताऱ्याच्या एका वाक्यापाशी. चित्रं रंगवून झाली होती, संगीत बसलं होतं, समुद्रातलं वादळ तर असं जमलं होतं की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. अठरा रोजे झाले होते आणि पंचविसाव्या रोज्याला भाग वाहिनीच्या हाती पडायला हवा होता. रायाच्या पहिल्या दिवशी, नमाज आणि पाहुण्यांची पहिली फेरी आटोपली की घरोघरी पोरंबाळं तो बघायला बसणार होती.

मर्दिया या मालिकेची आवाज-दिग्दर्शक. कोणी कुठलं वाक्य कसं बोलायचं, कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, हे काचेपलीकडे बसून सांगणारी. गेली नऊ वर्षं ती हेच करत होती. कोळ्यांच्या गावातली मेलुर नावाची दहा वर्षांची पोर, संकट आलं की मुखवटा चढवते, पतंगासारखी आभाळात झेपावते आणि लायांग होते. घरी एकटे आजोबा, तोक. नात रोज काहीबाही थापा मारून घराबाहेर सटकते आणि तोक भोळेपणानं त्या खऱ्या मानतात, अशी नऊ वर्षांची बतावणी. या विशेष भागात ती संपणार होती. रायासाठी गावी परतणाऱ्या माणसांच्या होड्या वादळात सापडतात, लायांग त्या ओढून किनाऱ्याला आणते, आणि पहाटे थकून घरी येते तेव्हा तोक अंगणात दिवे लावून वाट बघत बसलेले असतात. पोर पाय धरते, खोटं बोलल्याबद्दल माफी मागते. तोक म्हणतात, “मला कधीचंच ठाऊक होतं, पोरी. तू मला माफ कर, मी तुला माफ केलं.”

एवढंच वाक्य. तोकचा आवाज म्हणजे पाक लेमान, पाक म्हणजे काका. वय एकोणसत्तर, हाडाचे रेडिओ नट, आवाज भाजलेल्या खोबऱ्यासारखा, खरखरीत आणि गोड. रोजे सुरू व्हायच्या दहा दिवस आधी ते हे वाक्य बोलायला स्टुडिओत आले होते आणि त्याच संध्याकाळी त्यांना पक्षाघात झाला. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. समोरच्याचं बोलणं कळायचं, पण तोंडून शब्द निघायचा नाही.

निर्माते एन्चिक शुक्री यांनी मर्दियाला खोलीत बोलावून घेतलं.

“नऊ वर्षांचं रेकॉर्डिंग पडलंय आपल्याकडे,” ते म्हणाले. “त्यातून एक वाक्य नाही निघणार?”

“शब्द निघतील.”

“मग जोड की. कोक मेंगला घे बरोबर.”

“त्यांना विचारायला हवं.”

“विचार ना, मी कुठे नाही म्हणतोय? सहीचा कागद देतो, तूच जाऊन ये. म्हाताऱ्याचा जीव आहे तुझ्यावर.”

मर्दियानं कागद घेतला. ती बाहेर पडली.

कोक मेंग ध्वनीचं काम बघायचा. पस्तिशीचा, अबोल, मर्दियाला काक म्हणणारा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. दोघं दुपारभर जुने भाग ऐकत बसले. ‘मला’ तिसऱ्या वर्षीच्या भागात मिळालं. ‘माफ’ कोंबडीचोराच्या गोष्टीत मिळालं. ‘ठाऊक’ हवं तसं मिळेना. कुठे तोक हसत होते, कुठे ओरडत होते.

“शेवटच्या दिवशीचं काढू का?” कोक मेंगनं पडद्यावरून नजर न हलवता विचारलं.

“ते नको. त्यात काही धड नाही.”

“‘पोरी’ चांगलं आहे त्यात. आणि ‘ठाऊक’ दोनदा बरं आलंय.”

कोक मेंगनं ते उघडलं. पाक लेमान यांचा माइक त्या दिवशी दोन तास सुरूच होता, त्यामुळे वाक्यांच्या मधलंही सगळं त्यात होतं. आधी खोकला, खुर्चीचा आवाज. मग ते म्हणाले, “पोरी, आज जीभ जड झाल्यासारखी वाटतेय गं. या हाताला पण मुंग्या आल्यात.”

आणि मग काचेपलीकडून त्यांच्या हेडफोनात गेलेला तिचा स्वतःचा आवाज, बारीक पण स्पष्ट. “पहाटेपासून कॉफी ढोसता, मग मुंग्या नाही येणार तर काय? चला पाक, परत. ‘ठाऊक’ गिळून टाकताय तुम्ही.”

पाचव्या वेळी त्यांनी विचारलं, “जरा बसू का?” ती म्हणाली, “बसलेलेच तर आहात.” कोणीतरी हसलं. नवव्या वेळी ते वाक्य अर्ध्यातच विसरले. अकराव्या वेळी ‘माफ’ तोंडातच विरघळलं आणि तिनं कंटाळून म्हटलं, “आज तुमचं मनच नाहीये, पाक. जा घरी. पुढच्या आठवड्यात घेऊ.”

कोक मेंगनं रेकॉर्डिंग थांबवलं.

“हसणारा मी होतो,” तो म्हणाला.

“माहितेय.”

“तेव्हा कुणाला काय कळणार होतं, काक.”

मर्दियाला ते पटवून घ्यायचं होतं. पण तिच्या मामाला असाच झटका आलेला तिनं पाहिला होता. जड जीभ, हाताला मुंग्या, ही लक्षणं तिला नवी नव्हती. त्या सकाळी तिच्या डोक्यात फक्त एवढंच होतं, की दुपारी दोनला दुसऱ्या मालिकेची माणसं यायची आहेत आणि तोवर खोली रिकामी करून द्यायची आहे.

दुसऱ्या दिवशी रोजा सोडायच्या तासभर आधी ती खजूर आणि बाजारातली बुबुर लांबुक ही लापशी घेऊन गोम्बाकला पाक लेमान यांच्या घरी गेली. त्यांची मुलगी रोहानी बाजू कुरुंग, म्हणजे बायकांचे लांब सदरे-घागरे, शिवायची. रायाचा हंगाम, बैठकीची खोली कापडांनी भरून गेली होती, मशीनवर जांभळा रेशमी तागा तसाच होता. पाक लेमान खिडकीपाशी आरामखुर्चीत होते. मर्दियाला बघून त्यांनी डावा हात किंचित उचलला. त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू ओघळल्यासारखी झाली होती, पण डोळे पहिल्यासारखेच होते, आणि ते तिच्यावरून हलेनात.

“बसा, चिक मर्दिया,” रोहानी म्हणाली, मर्दियाबाई म्हणावं तसं. “कापडं सरकवा तिकडे. आबांना कोणी भेटायला आलं की बरं वाटतं. हल्ली येतात कोण?”

मर्दियानं कागदाचं सांगितलं. जुन्या शब्दांतून वाक्य जोडायचं, म्हणजे तोक मुलांना शेवटी त्यांच्याच आवाजात बोलताना ऐकू येतील, असं काय काय ती बोलली. रोहानी ऐकता ऐकता दोरा दातानं तोडत होती.

“ठेवून जा. मी विचारते त्यांना. कळतं त्यांना सगळं.” मग जरा थांबून तिनं विचारलं, “त्या दिवशी तुमच्याकडे बरे होते ना हो ते?”

“त्या दिवशी?”

“डॉक्टर सारखं विचारत होते, सुरुवात कधी झाली. लवकर आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं म्हणे, गाठ विरघळवायचं. मी कापड आणायला गेले होते. बाराला परत येईन म्हणाले होते त्यांना. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात करता करता सहा वाजले. आले तर न्हाणीघरात पडलेले.” तिनं जांभळ्या रेशमावरची सुरकुती तळव्यानं सपाट केली. “मी बाराला आले असते तर घरात पाऊल टाकल्या टाकल्या दिसलं असतं मला. या कापडापायी राहिले मी.”

पाक लेमान तिच्याकडे बघत होते.

“बरे होते,” ती म्हणाली. “थोडे दमलेले वाटले. एवढंच.”

पाक लेमान यांनी मान खिडकीकडे वळवली.

मग मशिदीतून बांग आली. रोहानीनं बापाच्या ओठांना खजूर लावला आणि मर्दियानं कल्पनाही केली नव्हती असं काही घडलं. पाक लेमान रोजा सोडायची दुआ म्हणू लागले. अडखळत, पण स्पष्ट, अथपासून इतिपर्यंत. तोच आवाज, भाजलेल्या खोबऱ्याचा.

“पाठांतर वेगळ्या कप्प्यात असतं म्हणे डोक्यात,” रोहानी हळूच म्हणाली. “पाणी माग म्हटलं तर मागता येत नाही. दुआ मात्र येते. रायाच्या सकाळी म्हणतात तो तकबीरही येतो. काल म्हटला पूर्ण.”

मर्दियाचं डोकं लगेच कामाला लागलं. नऊ वर्षांची सवय. अंगणात तोक तकबीर म्हणतायत, मेलुर पाय धरते, वाक्याची गरजच नाही. तिचा हात पिशवीतल्या फोनकडे गेला.

“काक रोहानी, तकबीर रेकॉर्ड केला तर चालेल का? दोनच मिनिटं लागतील. इथंच. त्यांना काही त्रास नाही.”

रोहानीनं तिच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

“त्यांच्याजवळ एवढंच उरलंय, चिक मर्दिया. तेही घेऊन जाणार?”

मर्दियानं हात बाहेर काढला. त्यानंतर तिनं लापशीचे चार घोट कसेबसे घेतले आणि निघाली.

वाक्य जोडायला तीन दिवस गेले. कोक मेंगनं शब्दांच्या कडा घासून एकजीव केल्या, मागे अंगणातले रातकिडे आणि दूरचा समुद्र घातला. ‘ठाऊक’ आणि ‘पोरी’ शेवटी त्या दिवशीचेच घ्यावे लागले. ऐकून एन्चिक शुक्रींचे डोळे भरून आले.

“कुणाच्या बापाला कळणार नाही,” ते म्हणाले. “सही आली का?”

“उद्या जाते.”

“परवा भाग द्यायचाय, बाई.”

ती गेली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. रोहानी काज करत बसली होती. कागद टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली होता, कोराच.

“आबा हो पण म्हणत नाहीत आणि नाही पण म्हणत नाहीत,” ती म्हणाली. “ऐकवा त्यांना. ऐकून ठरवतील.”

मर्दियानं आरामखुर्चीपाशी गुडघे टेकले आणि त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. वाक्य सात सेकंदांचं होतं. पहिले दोन शब्द ऐकताना त्यांच्या भुवया उंचावल्या, एखाद्या नवख्याचं काम ऐकताना उंचावायच्या तशा. मग ‘ठाऊक’ आलं. तिला ते बाहेर ऐकू येत नव्हतं, पण कुठे काय आहे हे तिला सेकंदाच्या काट्यासारखं माहीत होतं. त्यांचा चेहरा आक्रसला. स्वतःचा आवाज माणूस ओळखतोच. कुठल्या दिवशीचा, तेही त्यांनी ओळखलं. वाक्य संपलं. त्यांनी डाव्या हातानं हेडफोन काढले, तिच्या मांडीवर ठेवले आणि तोच हात उजव्या लुळ्या हातावर नेऊन बोटं चोळू लागले. मुंग्या आल्यावर चोळतात तशी.

“काय म्हणतायत?” रोहानी उठली. “आबा, हात दुखतोय का?”

“त्यांना त्या दिवशीचं सांगायचंय,” मर्दिया म्हणाली.

मग तिनं सांगितलं. जमिनीवर बसूनच सांगितलं. जड जीभ, मुंग्या, अकरा वेळा. कॉफीची थट्टा, मामाचा झटका आधी बघितलेला, दोन वाजता येणारी माणसं. “अकरा वाजताच दिसत होतं, काक. तुम्ही बाराला आला असता तरी ते घरी पोचले नसते. एक वाजेपर्यंत मी त्यांना बसवून ठेवलं होतं. तुमच्या आधी मला कळायला हवं होतं, चूक माझी आहे. मी परवा खोटं बोलले.”

रोहानी उभीच होती. तिच्या हातातली सुई चमकत होती.

“महिना झाला,” ती म्हणाली. “महिनाभर मी रोज रात्री तीच दुकानं परत परत फिरतेय. या दुकानात गेले नसते तर. त्या दुकानात गेले नसते तर. आणि तुम्ही परवा इथं बसून लापशी खाल्लीत.”

“हो.”

“आज का सांगितलंत? कागदावर सही हवी म्हणून?”

“सही देऊ नका.”

“मग तुम्हाला हलकं वाटावं म्हणून. वाटलं का?”

“नाही.”

“बरं झालं.” रोहानीनं तांब्याखालचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि मर्दियाच्या पिशवीत सारला. “आबांनी कुणाला माफ केलंय की नाही, ते त्यांचं त्यांना माहीत. त्यांच्या तोंडी घालू नका. जा आता.”

स्टुडिओत परतल्यावर मर्दियानं एन्चिक शुक्रींना दोन्ही गोष्टी सांगितल्या. घरचे नाही म्हणतायत, आणि का म्हणतायत ते. शुक्रींनी आधी दार लावून घेतलं.

“हे कुठे लिहून-बिहून दिलं नाहीस ना?”

“नाही.”

“देऊही नको. मलाही सांगितलं नाहीस असं समज.” ते कपाळ चोळत बसले. “करारात वापरायची मुभा आहे आपल्याला. पण नको. सणासुदीला बोभाटा नको. इझ्वानला बोलाव.”

इझ्वान सव्वीस वर्षांचा, कुणाचीही नक्कल करणारा. तो आला, दोन जुने भाग ऐकले आणि पहिल्याच फटक्यात वाक्य बोलून मोकळा झाला. खरखर होती, गोडवा होता, थरथरही बरोबर जागी होती.

“अजून एक घेऊ का, काक?” त्यानं काचेआडून विचारलं.

“नको,” मर्दिया म्हणाली. “तुला बरं वाटतंय ना? काही होत नाही ना?”

“मला काय होणार?” तो हसत म्हणाला. कोक मेंगनं मान खाली घातली.

कोक मेंगनं जोडलेलं वाक्य पुसलं. अकरा वेळांचं रेकॉर्डिंगही पुसू का, असं त्यानं विचारलं, तेव्हा मर्दियानं नको म्हटलं. त्याची एक प्रत तिनं डॉक्टरांना द्यायची म्हणून रोहानीकडे पाठवून दिली. त्या पाकिटाचं उत्तर आलं नाही.

रायाच्या पहिल्या दिवशी मर्दिया आईकडे गावी होती. भाग लागला तेव्हा भाचरं टीव्हीपुढे होती आणि ती स्वयंपाकघरात केतुपाटच्या, म्हणजे पानात उकडलेल्या भाताच्या पुड्यांच्या, गाठी सोडत होती. बाहेरून भाचीचं मुसमुसणं ऐकू आलं. तोकनं माफ केलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती गोम्बाकला गेली. रायाला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवत नाहीत, हे ठाऊक असूनच गेली, आणि त्याचीही तिला लाज वाटत होती. रोहानीनं दार उघडलं. पाट्यावर वाटलेल्या मसाल्यातलं रेंडांगचं मांस आणि बांबूत शिजवलेला लेमांग भात वाढला, सरबताचा पेला ठेवला. मर्दियानं दोन्ही हात पुढे केले आणि सणाचे शब्द उच्चारले. जाणता-अजाणता झालेल्या चुकांची माफी, वर्षातून एकदा जो तो ज्याला त्याला मागतो ती. इतर घरी लोक हे हसत हसत म्हणतात आणि पुढच्या वाक्याला जेवणावर येतात.

रोहानीनं तिचे हात हातात घेतले, सोडले, आणि उलट काही म्हटलं नाही.

“जेवा,” ती म्हणाली. “गार होतंय.”

पाक लेमान आतल्या खोलीत झोपले होते. मर्दियानं त्यांच्याबद्दल विचारलं.

“बघितला तुमचा भाग त्यांनी. शेजारची पोरं आली होती. तो दुसरा बोलायला लागला तसे हसले.”

“हसले?”

“आजारपणानंतर पहिल्यांदाच. पोट हलेपर्यंत हसले. काम आवडलं नसणार. रेडिओवर असताना कुणी वाईट बोललं की असेच हसायचे.” रोहानीच्या ओठांच्या कडाही क्षणभर हलल्या, मग थांबल्या. “नंतर रडले. त्यातलं काय कशासाठी, मला विचारू नका.”

मर्दियानं ताटातलं सगळं खाल्लं. उठताना तिनं विचारलं, “मी काय करू, काक?”

“मला काय विचारता?” रोहानी ताट उचलून आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा फडक्यानं हात पुसत होती आणि मर्दियाकडे बघत नव्हती. “दर बुधवारी हॉस्पिटलात न्यायचं असतं व्यायामाला. टॅक्सीवाले पायऱ्यांवरून उतरवायला हात लावत नाहीत. माझ्या एकटीच्यानं होत नाही. गाडी आहे ना तुमच्याकडे?”

“आहे.”

“आठला या. पावणेआठलाच या.”

बुधवारी मर्दिया साडेसातलाच गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली आणि वेळ झाल्यावर दाराशी गेली. पाक लेमान पांढरा सदरा घालून, टोपी चढवून तयार होते. पायऱ्या पाचच होत्या. रोहानीनं उजवीकडून धरलं. मर्दिया डावीकडे उभी राहिली, खांदा पुढे करून. पाक लेमान यांनी तिच्या खांद्याकडे पाहिलं, मग हात लांबवून पलीकडचा लोखंडी कठडा धरला आणि एकेक पायरी उतरले. ती रिकाम्या खांद्यानं त्यांच्याबरोबर उतरत राहिली, पडले तर सावरता यावं एवढ्या अंतरावर.

पुढच्या बुधवारीही त्यांनी कठडाच धरला. मर्दियानं गाडीचं दार उघडून धरलं, ते बसले, तिनं त्यांचा लुळा हात उचलून अलगद आत घेतला आणि पट्टा लावला.